हातोडा कोणी सोडला?

"तुम्हीच केलंत, साहेब! घंटा तुम्हीच वाजवलीत, आणि आता कानांत बोटं घालून बोंबही तुम्हीच मारताय! स्वतःच्या तोंडाला स्वतःच काजळी फासायची आणि मग दुसऱ्यांचे हात काळे आहेत का ते तपासत फिरायचं, ही कसली नगराध्यक्षी?"

धाकटीने दम घेतला. समोरच्या श्रोत्यांवर काही परिणाम झालेला दिसेना. श्रोते म्हणजे दुकानाच्या मागच्या भिंतीवर टांगलेली, दुरुस्तीला आलेली घड्याळं. एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. कोणी सव्वाचार दाखवत होतं, कोणी पावणेनऊ. एकाला तर काटेच नव्हते, आणि टकटक सगळ्यांत जोरात त्याचीच चालली होती. संध्याकाळी चौकातल्या सभेला याहून वेगळे लोक येणार नाहीत, या विचाराने तिला जरा धीर आला.

"काजळी छान आहे," बाकावरून आत्या म्हणाली. तिने डोळ्यातलं भिंगही काढलं नाही, मानही वर केली नाही. "टाळ्या पडतील. पुरावा काय?"

"पुरावा कशाला हवा, आत्या? अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

"अख्ख्या गावाला तर हेही ठाऊक आहे की तुझ्या आजेसासऱ्यांनी घड्याळात जीव कोंडून ठेवला होता म्हणून ते नव्वदीपर्यंत जगले. जा, बोल. मी आपली माझं काम करते."

आत्या म्हणजे धाकटीच्या नवऱ्याची आत्या. लग्न केलं नाही, घर सोडलं नाही, आणि भिंग डोळ्यात अडकवून सगळ्यांच्या तीन पिढ्या बघितल्या. तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटून भिंतीची माफी मागणं. धाकटीने वाद सोडला. पण आतून धगधगतच राहिली.

आणि का धगधगू नये? परवा चौकाच्या नव्या फरशीचं उद्‌घाटन होतं. भाषण बारा वाजायच्या आत संपायचं होतं. नगराध्यक्षांचं भाषण या गावात एकदाच वेळेवर संपलं होतं, तेव्हा वीज गेली होती. परवा वीज होती. "माझ्या कारकिर्दीत," साहेब हात वर करून म्हणाले, "एकाही फेरीवाल्याच्या पोटावर पाय आलेला नाही!" आणि डोक्यावरच्या घड्याळाच्या मनोऱ्यातून आवाज आला: ठण्ण!

लोकांनी वर बघितलं. साहेबांनीही बघितलं, आणि एवढ्यावर संपलं असेल असं समजून पुढचं वाक्य टाकलं. "दिलेला प्रत्येक शब्द आम्ही पाळला!" ठण्ण! "फरशीचं काम एक नंबरचं झालं!" ठण्ण! शहाणा माणूस थांबला असता. पण माईकसमोर उभा राहिलेला पुढारी आणि उतारावर सुटलेली हातगाडी मध्ये थांबत नसते. सहाव्या ठोक्याला लोक हसले, आठव्यापासून मोठ्याने मोजू लागले, आणि बारावा पडला तेव्हा टाळ्या अशा वाजल्या की साहेबांच्या आयुष्यात तशा कधी वाजल्या नव्हत्या. रात्र व्हायच्या आत गावातला प्रत्येक फोन ठण्ण ठण्ण करत होता.

गावाचे दोन तुकडे व्हायला वेळ लागला नाही. एका तुकड्याचं म्हणणं, हा पदाचा अपमान आहे, फरशीसाठी चौकातून हाकललेल्या फेरीवाल्यांच्या बाजूने बोलणाऱ्या त्या शाळामास्तरणीने, घड्याळ सांभाळायला घरी असलेल्या किल्लीने मनोरा उघडून डाव साधला. शाळामास्तरीण म्हणजे आमची धाकटी. दुसऱ्या तुकड्याचं म्हणणं, साहेबांनीच वाजवून घेतलं, म्हणजे फेरीवाल्यांवर बालंट घालून त्यांना कायमचं हाकलायला बरं. दोन्हीकडच्यांना सगळं ठाऊक होतं. मनोऱ्याचा जिना आतून लाकडी आहे की दगडी, तेवढं मात्र कोणाला ठाऊक नव्हतं.

काल संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला: चौकशी संपेपर्यंत शाळेत येऊ नये. वर्गात पोरं प्राण्यांचे आवाज काढतात तेव्हासुद्धा धाकटी आधी विचारते की मांजर कोण होतं. तिला कोणी एका शब्दानेही विचारलं नव्हतं.

जावई आले ते चहाच्या वेळेला. धाकटीचा नवरा आणि त्याचा थोरला भाऊ, या दोघांच्या बहिणीचे हे यजमान नगरभवनात नोकरीला, साहेबांच्या दाराबाहेरच्या टेबलावर. या घरात आले की आधी सासरचे असतात. पहिला घोट घेतला की नगरभवनाचे होतात. त्यांनी घोट घेतला आणि खिशातून कागद काढला.

"फार काही नाही. सगळ्यांच्या सह्या हव्यात," ते म्हणाले. "'आमच्या कुटुंबातील एका व्यक्तीच्या निंद्य कृत्याशी आमच्या दुकानाचा काहीही संबंध नाही.' बस्स. एवढं दिलंत की मनोऱ्याचं काम तुमच्याकडेच राहील. साहेबांनी शब्द दिलाय."

"ठण्ण," आत्या म्हणाली.

जावयांच्या बशीत चहा सांडला.

"आत्या, चेष्टेवारी नेऊ नका. पिढ्यान्‌पिढ्यांचं काम आहे. उद्या ते बाहेरच्या कंपनीला दिलं तर? ते लोक मशीन काढून वर भोंगा बसवतील."

हे मात्र सगळ्यांना लागलं. मनोऱ्यातलं मशीन आजोबांनी बसवलं होतं. त्याचं एकेक चाक या बाकावर घासलेलं. त्याच्या जागी भोंगा, म्हणजे देवघरात पत्र्याचा डबा.

"सही करून टाका बाई," वहिनी म्हणाली. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको, धाकटीची मोठी जाऊ. ती पहिल्यापासून साहेबांच्या बाजूची. तिच्या माहेरच्या गल्लीत साहेबांनी नळ आणला होता. "नाहीतरी हिला कोणी सांगितलं होतं फेरीवाल्यांत नाचायला? घरावर गाढवाचा नांगर फिरेल एक दिवस, तेव्हा कळेल."

"वहिनी, मी घंटेला हातही लावलेला नाही!"

"मग सकाळी मनोऱ्याच्या गल्लीत काय करत होतीस? भाजीवाली सांगत होती."

"ह्याचा चष्मा द्यायला गेले होते! हा घरी विसरला होता!"

'हा' म्हणजे धाकटा, तिचा नवरा. तो कपाटाच्या डाव्या बाजूला बसला होता. थोरला बसला होता उजव्या बाजूला. दुकानाच्या मधोमध हे उंच कपाट उभं होतं, वडील गेले तेव्हापासून. खिडकीजवळची वडिलांची जागा कोणी घ्यायची, यावरून दोघांचं बिनसलं, आणि मग खिडकीसमोर हे कपाटच आणून ठेवलं. आता उजेड कोणालाच मिळत नव्हता. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायचं ते आत्यामार्फत, आणि आत्या नसली तर एखाद्या घड्याळामार्फत.

"आत्या," डावीकडून धाकटा म्हणाला, "त्यांना विचार, बारा वाजता बाराच ठोके पडले ना? मग घड्याळानं आणखी काय करायचं होतं? भाषण संपायची वाट बघायची होती?"

"आत्या," उजवीकडून थोरला म्हणाला, "त्याला सांग, मी तोंड उघडलं तर त्याला जड जाईल."

"उघड ना, बाबा," आत्या म्हणाली. "तुझं तोंड उघडं बघून मलाही वर्ष झालं."

थोरला खोकला. जावयांनी घाईघाईने कागद पुढे सरकवला. धाकटीने ते दोन्ही बघितलं. तिच्या वर्गात मागच्या बाकावरची दोन पोरं एकदम खोकली की ती समजते, की चिठ्ठी फिरते आहे.

"जावईबापू," ती म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं की मी केलं?"

"खात्रीच्या माणसाने."

"कोण?"

"ते सांगता येत नाही."

उजवीकडचा खोकला वाढला.

आत्याने मग भिंग काढलं. ती भिंग काढते तेव्हा घरातली मांजरसुद्धा उठून बसते. तिच्यासमोर एक टेबल-घड्याळ पालथं पडलं होतं, पाठ उघडी.

"हे कोणी उघडलंय?" तिने विचारलं.

"मी," धाकटा म्हणाला.

"मग मिटणार कोण?"

 सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. ज्यानं उघडलं त्यानं मिटायचं नाही, हा या दुकानाचा आजोबांपासूनचा कायदा. एकाने दुरुस्त केलेलं दुसऱ्याने तपासायचं आणि मगच पाठ लावायची. आणि तो दुसरा शक्यतो असा शोधायचा, ज्याचं आपल्याशी सध्या वाकडं आहे. आजोबा म्हणायचे, लाडक्याला तपासायला दिलंत तर तो तुमचं तोंड बघतो, घड्याळ बघत नाही. त्यामुळे भाऊ बोलेनासे झाले तेव्हापासून दुकानातून गेलेलं एकही घड्याळ परत आलं नव्हतं. दोघे एकमेकांच्या चुका अशा शोधत की उवा शोधणाऱ्या आईनेही हात टेकावेत.

"तर मग," आत्या म्हणाली, "समोरून सगळीच घड्याळं शहाणी दिसतात. सह्या मागून. आधी या भांडणाची पाठ उघडू. थोरल्या, तू हिची बाजू मांड. जोर लावून मांडायची, लुटूपुटूची नाही. आणि तू," ती धाकटीकडे वळली, "तू साहेबांची मांड."

"मी? त्या माणसाची?"

"सभेत बोलायचंय ना? मग घरात बोलून बघ."

"हा काय पोरखेळ आहे?" जावई उठू लागले.

"बसा, जावईबापू. नगरभवनाची चौकशी बसल्याबसल्याच झाली असेल. तशीच हीसुद्धा."

थोरला कपाटाआडून बाहेर आला. दाताखाली खडा आल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं. "हिची बाजू," तो म्हणाला. "हिची बाजू अशी की... हिला मशीनमधलं ओ का ठो कळत नाही. हातोडा दाखवला तर म्हणेल लंबक."

"एवढंही नाही हं, दादा!"

"गप. मी तुझ्याच बाजूने बोलतोय."

वहिनीला राहवेना. "आणि ही स्टुलावर चढली तरी डोळे मिटून घेते. परवा बल्ब बदलायला मला हाक मारली. मनोऱ्याच्या त्या शिडीवर? अर्ध्यातच 'वहिनी, वहिनी' करत बसली असती." बोलता बोलता वहिनीचा आवाज मंदावला. आपण कोणाचं काम करतोय हे तिच्या लक्षात आलं. पण खरं ते खरं होतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि जावयांकडे जरा रागाने बघितलं, जणू हे त्यांनीच तिला बोलायला लावलं.

"आता तू," आत्या म्हणाली.

धाकटी उठली. साहेबांसारखा हात वर केला. वहिनी फिस्सकन हसली. सुरुवात धाकटीने थट्टेनेच केली. "बंधू-भगिनींनो! मी स्वतःच स्वतःची फजिती केली असं काही जण म्हणतात. आता मला सांगा, ज्याला आपली फजिती करून घ्यायचीय तो माणूस..." आणि ती अडखळली. तिला परवाचा मंच आठवला. साहेबांच्या शेजारी खुर्चीत त्यांची म्हातारी आई बसली होती, डोक्यावरून पदर, हातात फुलं. पहिल्या ठोक्याला ती माउली कौतुकाने हसली होती. तिला वाटलं, पोराच्या मानासाठीच वाजतंय. सातव्या-आठव्याला तिने लेकाकडे बघितलं होतं. आणि लेकाचे कान लालबुंद झाले होते.

"...तो माणूस आईला घेऊन येत नाही," धाकटी हळूच म्हणाली.

तिने वर केलेला हात खाली घेतला. भिंतीवर बिनकाट्याचं घड्याळ टकटकत होतं.

तिला स्वतःचाच राग आला. इतकं साधं होतं, आणि तिने ते डोळ्यांनी बघितलं होतं. तरी दोन दिवस ती छातीठोकपणे सांगत हिंडली की त्यांनीच वाजवलं. कारण तसं असणं सोयीचं होतं. आपला शत्रू नालायक असला की पुरे होत नाही. तो प्रत्येक बाबतीत नालायक असावा लागतो.

पण एक खुंटी तिच्याकडे अजून होती, आणि ती तिने घट्ट धरली. "थांबा. साहेबांची बाजू मांडायची तर मला एका गोष्टीचं उत्तर हवं. प्रत्येक कार्यक्रमाच्या वेळी नगरभवनातून निरोप येतो, की भाषण होईपर्यंत घंटेचा हातोडा बांधा. या वेळी निरोप का नाही आला? विसरले? का मुद्दाम?"

"कोण म्हणतं निरोप आला नाही?" जावई उखडले. "मी स्वतः फोन केला होता!"

"आमच्याकडे नाही आला. हाच म्हणाला," तिने नवऱ्याकडे बोट केलं.

"मला नाही कोणी सांगितलं," धाकटा म्हणाला.

"मी दादांना सांगितलं!"

सगळ्यांच्या माना थोरल्याकडे वळल्या. आत्याने हातातला चिमटा खाली ठेवला.

"सांगितलं होतं," थोरला म्हणाला. "आणि मी बांधलासुद्धा. सकाळी वर जाऊन, स्वतःच्या हाताने. हातोडा मागे ओढला आणि तारेनं कडीला बांधून टाकला. मशीन फिरत राहतं, आवाज होत नाही. म्हणून तर मला ठाऊक आहे ना, की कोणीतरी तो सोडला! किल्ली आपल्या खुंटीची. बाहेरचा कोणी जाणार नाही. मी काही भांडलो नाही, वाटलं हिचंच काम, घरची गोष्ट म्हणून फक्त जावईबापूंच्या कानावर घातली."

"म्हणजे खात्रीचा माणूस तुम्ही, दादा," धाकटी म्हणाली.

थोरल्याने मान खाली घातली. तेवढ्यात कपाटाच्या डावीकडून स्टूल पडल्याचा आवाज झाला.

"कुठल्या कडीला?" धाकट्याने विचारलं.

"डावीकडच्या," थोरला म्हणाला.

"तांब्याच्या तारेनं?"

"मग काय सुतळीनं बांधू?"

वहिनीने दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगं बाई, बोलले! हे दोघं बोलले!"

खरंच की. मध्ये आत्या नाही, घड्याळ नाही, भावाने भावाला प्रश्न विचारला होता आणि भावाने उत्तर दिलं होतं. क्षणभर सगळे घंटा विसरले. जावईसुद्धा हसले. फक्त धाकटा हसला नाही. त्याने कामाच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि वेटोळं केलेली तांब्याची तार बाकावर ठेवली.

"ही मी सोडली," तो म्हणाला.

"तू?"

"दादा, तू मागच्या आठवड्यात मशीनला तेल घातलं होतंस. तेल घालतानाही आपण हातोडा असाच बांधतो. मग तू उघडलेलं मी तपासायला नको? परवा सकाळी वर गेलो. तार बघितली. मला वाटलं, तेल घालून झाल्यावर सोडायला विसरलास."  पुढचं बोलायला त्याला जड जात होतं. "फार बरं वाटलं मला. म्हटलं, सापडला एकदाचा! तार सोडली आणि खिशात ठेवली. कधीतरी सगळ्यांसमोर तोंडावर फेकायला."

"अरे गाढवा, आठवडाभर बांधलेला असता तर आठवडाभर ठोकेच पडले नसते! ते नाही कळलं?"

"कळलं असतं. विचार केला असता तर."

"आणि मला विचारलं का नाहीस?"

"तू तरी सांगितलंस का? बाबा असताना बांधणारा वरूनच ओरडायचा, 'बांधला रे!'"

"कोणाला ओरडू? तुझ्याशी बोलत होतो का मी?"

आत्या हसायला लागली. आधी खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं. "बाबा माझे," ती म्हणाली, "चूक शोधायचा कायदा करून गेले. आणि तुम्ही चूक शोधता शोधताच गावात आग लावलीत! कारस्थान म्हणे! या घरात दोन माणसांनी मिळून एक काम केलंय का कधी, की कारस्थान करतील?"

पण हसू फार टिकलं नाही. गंमत बघा. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे भाऊ आता खांद्याला खांदा लावून उभे राहिले, आणि कशासाठी? तर झाकून ठेवण्यासाठी.

"हे बाहेर जाता कामा नये," थोरला म्हणाला.

"दुकानाची लाज जाईल," धाकटा म्हणाला. "दादा बरोबर बोलतोय."

"तार आपोआप तुटली म्हणून सांगा," जावई म्हणाले. "गंजून."

"तांबं गंजतं?" आत्याने विचारलं.

"साहेबांना कुठे कळतंय!"

आणि इथे वहिनी फिरली. साहेबांच्या नळाचं पाणी पिऊन मोठी झालेली वहिनी कमरेला पदर खोचून उभी राहिली. "म्हणजे तुम्ही दोघं आता गळ्यात गळे घालणार, आणि ही घरी बसणार? तुमच्या डोक्यातल्या भुशापायी हिची नोकरी जायची? आणा तो कागद इकडे." तिने सह्यांचा कागद उचलला, त्याची घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. "हं. आता नीट उभं राहिलं."

"वहिनी, तो सरकारी कागद आहे!"

"म्हणून तर जाड आहे."

"जावईबापू," धाकटी म्हणाली, "एकच सांगा. नगरभवनातून मनोऱ्यावर कोण चढलं होतं?"

"चौकशी समिती बसली होती ना."

"बसली होती. चढली होती का?"

"वर चढायची काय गरज? आवाज खालीच ऐकू आला सगळ्यांना!"

धाकटी हसणार होती. पण हसली नाही. कारण तीही चढली नव्हती. किल्ली तिच्या घरातल्या खुंटीला होती, नवरा तिच्या शेजारी झोपत होता, तार त्याच्या खिशात होती, आणि ती भिंतीवरच्या घड्याळांना सांगत होती: तुम्हीच केलंत, साहेब.

सभेला चौक भरला होता. फरशी नवी होती आणि दोन ठिकाणी उखडलेली होती. एका बाजूला फेरीवाले आणि त्यांच्या बाजूचे, दुसऱ्या बाजूला साहेबांचे लोक, आणि मध्ये रिकाम्या पोटी तमाशा बघायला आलेले. नगरभवनाच्या गॅलरीत साहेब स्वतः उभे होते. लांबूनही त्यांची मान ताठ दिसत होती. धाकटी पायरीवर चढली. तिच्यामागे दोघे भाऊ, नजर फरशीत. थोरल्याच्या हातात तार. सगळ्यात मागे वहिनी, कोणी पळू नये म्हणून.

"साहेबांनी घंटा वाजवली नाही," धाकटी म्हणाली.

तिच्याच बाजूचे लोक ओरडायला लागले. "किती घेतलंस गं?" कोणीतरी म्हणालं.  तिने सगळं सांगितलं, तार, कडी, तेल, खिसा. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत इथपर्यंत आली तेव्हा चौकात हशा पिकला. थोरल्याला तार वर धरून दाखवावी लागली. माणसाची अब्रू जाते ती एवढ्याशा तारेने. पण गेली, आणि आकाश कोसळलं नाही. उलट धाकट्याने भावाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघेही मिश्यांत हसले.

साहेबांच्या बाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. "बघा, बघा, हिच्याच घरातलं निघालं!"

"थांबा," धाकटी म्हणाली. "तुमचं माप अजून घ्यायचंय. मी चूक होते, मी आलेय सांगायला. फेरीवाल्यांना तुम्ही हाकललंत, ते वेगळं भांडण, ते मी सोडणार नाही. आज मी फक्त घंटेचं बोलतेय." तिने गॅलरीकडे बघितलं. तिचा आवाज आता घड्याळांसमोर होता तसा नव्हता; वर्गातला झाला होता, मांजर कोण होतं ते विचारणारा. "साहेब, तुम्ही मला शाळेतून घरी बसवलंत. माझ्या माणसांना माझ्याविरुद्ध सह्या करायला सांगितलंत. गावभर माझं नाव बदनाम केलंत. मनोरा इथेच उभा आहे, तुमच्या गॅलरीतून हात लांब केला तर लागेल. किल्ली मागितली असती तर आम्ही दिली असती. मला दोषी ठरवण्याआधी..."

आणि डोक्यावर घंटा वाजायला लागली. सात वाजले होते. हातोडा आज कोणी बांधला नव्हता.

चौक हसला. साहेबांची मान आणखी ताठ झाली. धाकटी हाताची घडी घालून उभी राहिली आणि सगळे ठोके पडू दिले. मध्ये बोलायचं नसतं, हे तिने परवाच शिकून घेतलं होतं. शेवटच्या ठोक्याचा नाद विरला, तेव्हा तिने पुन्हा वर बघितलं.

"...तर साहेब, मला दोषी ठरवण्याआधी तुमच्यापैकी एक तरी माणूस वर चढला होता का? हो की नाही, एवढंच सांगा. मी इथेच उभी आहे."